एक खाट, दोन उशा : एका एकांकिकेचं प्रकरण

पहिल्या प्रयोगात तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक हसले. रंगमंचावर हसण्यासारखं काही चाललं नव्हतं. चाळिशीकडे झुकलेला एक माणूस खाटेच्या कडेला बसला होता आणि दुसरा त्याच्या भाजलेल्या मनगटाला मलम लावत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं, शेजारच्यांनी साथ दिली आणि बघता बघता एकशेवीस खुर्च्यांचं ते शाळेचं सभागृह खिदळायला लागलं. मी विंगेत उभी होते. पुढचा अर्धा तास मुलांनी नेटाने काढला, पण प्रयोग तिथेच हातातून सुटला होता.

ते हसू कुठून आलं, पुढच्या दोन प्रयोगांत आम्ही त्याचं काय केलं आणि त्यात कुणाला काय सोसावं लागलं, ते सविस्तर लिहून ठेवते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या हौशी संघाला उद्या दोन पुरुषांच्या संसारावर नाटक करावंसं वाटलं, तर आमच्या चुका त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत. माणसांची आणि संस्थांची नावं मुद्दामच देत नाही.

संहिता कशी आली

आमचा संघ बेळगावातल्या शहापूर-वडगाव भागातला. यंत्रमागवाल्यांची मुलं, उद्यमबागेत फाउंड्रीत जाणारे दोघे, एक बँकेतला, आणि दिग्दर्शनाला मी, निवृत्तीला आलेली शिक्षिका. संघात सगळे मला टीचरच म्हणतात. वर्षाला एखादी एकांकिका, बहुतेक विनोदी किंवा कौटुंबिक.

2023 च्या ऑक्टोबरात आमचा लेखक एक वही घेऊन आला. वय सव्वीस, खानापूरला औषधांच्या दुकानात काम करतो. 17 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला होता. त्याच आठवड्यात त्याने पहिला खर्डा संपवला होता. सुरुवातीलाच एक पात्र वर्तमानपत्र उघडून निकाल मोठ्याने वाचायचं, आणि मग समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा 2009 चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, 2013 मध्ये तो फिरवला गेला ते, 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा फास सुटला ते, असं सगळं ओळीने यायचं. वाचन संपल्यावर कुणी बोललं नाही. मग उद्यमबागेतला आमचा नट म्हणाला, "माहिती चांगली आहे ओ टीचर, पण ह्या दोघांच्यात भांडण कशावरनं होतंय ते काय कळंना."

त्या एका वाक्यावर संहिता दोन महिने बसली आणि नवी उठली. शहापुरात भाड्याच्या दोन खोल्या. एकजण फाउंड्रीत, मराठी. दुसरा बैलहोंगलकडचा, घरची भाषा कन्नड, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. अकरा वर्षं एकत्र राहतात, गल्ली त्यांना 'रूम पार्टनर' म्हणते. फाउंड्रीवाल्याची आई खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून शुगरच्या उपचारासाठी आठ दिवस राहायला येते. घरात खाट एक, मच्छरदाणी एक. आई यायच्या आदल्या रात्री दोघे कुणाकडून तरी गादी मागून आणतात आणि बाहेरच्या खोलीत पसरून ठेवतात. संपूर्ण एकांकिका त्या गादीभोवती फिरते. तिसऱ्या दिवशी आई गादी झाडायला घेते आणि तिच्या लक्षात येतं की ह्या गादीच्या उशीला तेलाचा डाग नाही. आतल्या खाटेवर उशा दोन आहेत आणि दोन्हींच्या मधोमध डोक्याएवढा तेलकट गोल आहे.

ती काही बोलत नाही. उशांचे अभ्रे काढते, धुते, दोरीवर दोन चिमटे लावून शेजारी शेजारी वाळत घालते. लेखकाने हे लिहून आणलं तेव्हा निकालांची सगळी पानं त्याने स्वतःहून फाडली. एकच खूण ठेवली. शिंक्याखालच्या फळीवर अंथरलेला कागद 2018 च्या सप्टेंबरातला आहे, पिवळा पडलेला. संवादात त्याचा उल्लेखही नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

अडचण कुठली येईल वाटलं आणि कुठली आली

आम्ही तयारीत होतो ती 'असला विषय नको' या आक्षेपाच्या. जिथे प्रयोग करायचं ठरत होतं तिथल्या समितीने संहिता वाचायला मागितली, पंधरा दिवस ठेवून घेतली. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी मला चहाला बोलावलं. फार भला माणूस, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, तीत तरुणपणापासून चालत आलेला. ते म्हणाले, "दोन गडी राहतात, राहूदेत. जग बदलालंय, मला कळतंय. पण त्यातला एक कानडी कशाला केलाय?"

मला उत्तर सुचायला वेळ लागला. ज्या गोष्टीला आम्ही धसका घेतला होता ती त्यांनी अर्ध्या वाक्यात ओलांडली होती, आणि ज्या गोष्टीचा आम्ही विचारही केला नव्हता तिथे ते अडले होते. इथल्या माणसाला हे समजेल. 1956 पासून ज्या सीमाप्रश्नाने घरांची दोन-तीन पिढ्यांची झोप घेतली, त्या प्रश्नाचं ओझं त्यांच्या खांद्यावर होतं. कन्नड माणूस मराठी घरात आला की त्यांना त्यात शरणागतीची सूचना दिसत होती. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुमच्या धाकट्या सूनबाई गोकाकच्या ना?" ते हसले. पण तारीख काही मिळाली नाही. सभागृह त्या महिन्यात भरलेलं आहे, असा निरोप आला.

मला आजही वाटतं की ते पात्र कन्नड ठेवलं हे बरोबर केलं. दोन पुरुषांचं प्रेम या मातीतलं आहे हे सांगायचं तर त्यांच्या घरात ह्या मातीची भाषा हवी, आणि ती एक नाही. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याशी कन्नड, भाजीवालीशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी चालते. नाटकात तो फाउंड्रीवाल्याच्या आईला आधी 'काकू' म्हणतो. तिला रात्री शुगर उतरून घाम फुटतो, हा धावत साखरेचं पाणी आणतो, तेव्हा त्याच्या तोंडून 'अव्वा', कन्नडमधली आई, निघून जातं. आपण काय म्हणालो हे त्याला कळतं तेव्हा वाटी त्याच्या हातात तशीच राहते. आई वाटीतलं पाणी पिते आणि म्हणते, "आणखी आण."

हसू

आता त्या हसण्याकडे येते. शेवटी 2024 च्या फेब्रुवारीत उपनगरातल्या एका शाळेचं सभागृह मिळालं आणि तिथे ते झालं. त्या रात्री मुलं खचली. कुणी म्हणालं, आपलं गावच मागासलेलं. मला ते पटलं नाही, अजिबात नाही. ज्या भागाने मराठी संगीत नाटकाचा जनक दिला (अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच जिल्ह्यातलं), जिथे 2015 ला अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं, तिथला प्रेक्षक नाटक बघायला शिकलेला आहे. तो हसला तर त्याला कारण असणार, आणि ते कारण आपण त्याच्यासमोर जे ठेवलं त्यात शोधायला हवं.

रंगमंचावरच्या पुरुषांबद्दल आमच्या प्रेक्षकाच्या मनात दोन चित्रं पक्की आहेत. एक बालगंधर्वांचं. पुरुषाने स्त्री साकारावी आणि घरंदाज बायकांनी तिच्यासारखं नेसावं, इतका तो मान. दुसरं चित्र वगनाट्यातून, विनोदी एकांकिकांतून आणि पुढे टीव्हीवरून आलेलं, कमरेत वाकून, मान वेळावून बोलणाऱ्या 'बायल्या'चं. आणखी एक तिसरं आहे, ते रंगमंचाबाहेरचं. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते, जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले, साडी नेसणारे पुरुष. डोक्यावर जग (देवीची टोपली), साथीला चौंडकं, दारात आले की सूप भरून धान्य. पौर्णिमेला डोंगरावर त्यांच्या पाया पडणारा माणूस दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर त्यांचीच नक्कल करतो, तेही आपण पाहतो.

या तिन्ही चित्रांत साडी आहे, किंवा साडीची आठवण आहे. लुंगी-बनियनवर बसलेला, दाढीचे खुंट वाढलेला, गॅस सिलिंडरच्या नंबरावरून वैतागलेला पुरुष दुसऱ्या पुरुषावर प्रेम करतो, त्याचं चित्र आमच्या प्रेक्षकाकडे नव्हतंच. चित्र नसलं की माणूस जवळचं चित्र उचलतो. जवळचं होतं ते नकलेचं. म्हणून हसू.

मराठी रंगभूमीने हे चित्र काढायचा प्रयत्नच केला नाही असं नाही. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'मध्ये 1979 सालीच स्त्रीभूमिकेच्या आठवणीत जगणारा पुरुष आला. तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' 1981 ची, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या तरुणीची. मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईच्या बाजूने चेतन दातार यांनी 'एक माधवबाग' लिहिलं. पण मुंबई-पुण्याच्या छोट्या नाट्यगृहांत जे सहज बघितलं जातं ते वडगावच्या शाळेपर्यंत पोचायला वाटेत कुणी नेऊन सोडावं लागतं. संघातल्या एकाने सुचवलं की जोगत्याचं एक पात्र घालू, लोकांना ओळखीचं वाटेल. मी नको म्हटलं. त्यांचं जगणं वेगळं, देवीशी बांधलेलं, त्याचे प्रश्न वेगळे. आमच्या नाटकाला चव यावी म्हणून त्यांना फोडणीला घालणं मला मान्य नव्हतं.

मग आम्ही प्रयोगाचं मोबाइलवरचं चित्रण लावलं आणि तो तिसरा मिनिट पुन्हा पुन्हा पाहिला. तीन गोष्टी दिसल्या, तिन्ही आमच्या.

मलम लावायच्या प्रसंगाला आम्ही पांढरे दिवे उतरवून दिव्यावर निळा जिलेटिन, म्हणजे रंगीत कागद, लावला होता आणि खाली बासरी सोडली होती. म्हणजे 'आता काहीतरी वेगळं, चोरटं बघायचंय' हे आम्हीच प्रेक्षकाच्या कानात सांगत होतो. दुसरं, हा प्रसंग तिसऱ्याच मिनिटाला होता. प्रेक्षकाला या दोघांची नावंही धड कळली नव्हती. तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा दिसली आणि तीच मुळाची होती. मलम लावणारा नट हात पुढे नेताना क्षणभर थांबत होता. अर्धा सेकंद. पात्र थांबत नव्हतं, नट थांबत होता. अकरा वर्षं एकत्र राहणारा माणूस मनगट धरताना थांबत नाही. प्रेक्षकाने तो अर्धा सेकंद अचूक पकडला आणि तो संकोचाला हसला, पात्रांना नाही.

बासरी काढली, जिलेटिन काढला, शेवटपर्यंत घरातल्या ट्यूबलाइटसारखा सपाट पांढरा उजेड ठेवला. मलमाचा प्रसंग पंधराव्या मिनिटाला नेला. त्याच्या आधी सिलिंडरवरून भांडण, चहात साखर कुणी विसरली यावरून धुसफूस, इस्त्रीवाल्याने हरवलेला शर्ट. आणि तालमीत मी एक नियम केला. येताना मलमाची खरी ट्यूब आणायची आणि तालमीच्या आधी, संवाद न म्हणता, एकाने दुसऱ्याच्या मनगटाला ती लावायची, गप्पा मारत, क्रिकेटबद्दल, पगाराबद्दल, कशाहीबद्दल. पहिले चार दिवस अवघडले. दहाव्या दिवशी एकजण मलम लावता लावता फोनवर आईशी बोलत होता. मी काही म्हटलं नाही, फक्त लिहून ठेवलं.

दुसरा प्रयोग

एप्रिलमध्ये खानापूरच्या वाटेवरच्या एका गावात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, एका मंडळाच्या बायकांनी बोलावलं. विषय त्यांना आधी सांगितला होता. त्यांच्यातल्या एकीने फोनवर एवढंच विचारलं, "आईचं काम चांगलं हाय काय?" निवडणुकीची आचारसंहिता चालू होती, माईक लावला नाही. देवळाशेजारच्या मंडपात, सतरंजीवर साठ-सत्तर बायका, मांडीवर पोरं, आंब्याची डाळ आणि पन्हं फिरतंय. पुरुष मंडपाच्या कडेला उभे.

सिलिंडरच्या भांडणाला हशा पिकला, पण तो वेगळा होता. एक बाई शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "आमचा बी असाच." मलमाच्या वेळी मंडप शांत. एक लहान मूल विचारत होतं, "त्याला भाजलं?" आणि त्याची आई म्हणाली, "व्हय, गप बस." एवढंच. मी त्या रात्री घरी येऊन रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

गादीचा प्रसंग आला. आई गादी झाडते, उशी हातात घेते, उलटी करते, पुन्हा सुलटी करते. तिने आत जाऊन खाटेवरची उशी उचलायच्या आधीच पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा हुंकार आला. प्रयोगानंतर ती माझ्याजवळ आली. नऊवारी, हातात काठी. म्हणाली, "त्या गादीचं मला आधीच कळलं हुतं बाई. नवी गादी कवाबी खोटं बोलत न्हाई." मग माझा हात धरून हळूच म्हणाली की तिचा एक भाऊ होता, लग्न न करता राहिलेला, गोव्याला एका माणसाबरोबर हॉटेलात कामाला. तो वारल्यावर त्या माणसाने त्याच्या कपड्यांची पेटी घरपोच आणून दिली होती. "आम्ही त्याला पाणीबी इचारलं न्हाई," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

पत्रिकेवरची ओळ

सगळ्यात कठीण प्रसंग रंगमंचावर घडला नाही. फाउंड्रीवाल्याची भूमिका करणाऱ्या मुलाचं लग्न ठरत होतं. प्रयोगाचा फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवला आणि मुलीकडच्यांचा मध्यस्थामार्फत प्रश्न आला, "मुलगा खरंच तसला हाय काय?" तो तालमीला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याची मागणी साधी होती. पुढच्या प्रयोगाच्या पत्रिकेवर खाली एक ओळ छापायची, की कलाकारांचा विषयाशी व्यक्तिगत संबंध नाही. बहुतेकांना ती रास्त वाटली. मलाही, खरं सांगते, पहिल्या क्षणाला रास्तच वाटली.

प्रकाशयोजना बघणारा मुलगा डिमरच्या पेटीशी वायर गुंडाळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मग माझं काय टीचर?"

कुणी काही विचारलं नाही. तो चार वर्षं आमच्याबरोबर होता. आमच्याच एका जुन्या एकांकिकेतल्या 'बायल्या'च्या प्रवेशाला तो दर वेळी अचूक गुलाबी दिवा टाकत आला होता, आणि दर वेळी आम्ही सगळे विंगेत हसत आलो होतो. ते मला त्या क्षणी आठवलं. त्या खोलीतलं प्रत्येकाचं मौन मी जवळून पाहिलं. लग्न ठरत असलेला मुलगाच आधी उठला, त्याच्याजवळ गेला आणि वायरचं दुसरं टोक धरलं.

ओळ छापली नाही. ती छापली असती तर आमच्याच एका माणसाला आम्ही पत्रिकेवरून पुसलं असतं. उलट बाजूने त्या मुलाबद्दल बाहेर कुणाला सांगायचंही नाही हे त्याच रात्री ठरलं. 'आमच्या संघात खराखुरा आहे' असं सांगून नाटकाला वजन आणायचा मोह अशा वेळी होतो. कुणाची ओळख ही त्याच्या तोंडून, त्याला हवी तेव्हा आणि हवी त्याला निघावी. त्या रात्री ती डिमरच्या पेटीजवळच्या आठ माणसांपुढे निघाली होती, तिथेच थांबली.

नटाचं ते स्थळ मोडलं. घरच्यांच्या आग्रहाने त्याने भूमिकाही सोडली. त्याला दोष देणं मला जमत नाही. इथे एका फोटोची किंमत अख्खं घर मोजतं. आठ महिने प्रयोग बंद राहिले.

तिसरा प्रयोग

2024 च्या डिसेंबरात, शहरात, एका तालीम हॉलमध्ये चाळीसेक माणसांपुढे. भूमिकेत आमचा प्रॉम्प्टर. संवाद त्याला सगळे पाठ, पण पहिल्या मुलाचा थकवा त्याच्या अंगात नव्हता. फाउंड्रीतून आलेल्या माणसाची पाठ अभिनयाने येत नाही. तरी प्रयोग उभा राहिला. नंतर चर्चा ठेवली होती. मला वाटलं होतं लोक प्रेमाबद्दल बोलतील. बोलले ते कागदांबद्दल. नाटकात एक आठवण आहे. हात भाजला तेव्हा लॅबवाल्याने दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात 'मित्र' लिहिलं, आणि काउंटरवरची बाई म्हणाली, नातेवाईक बोलवा. एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने उठून सांगितलं की 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय, अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीच आडकाठी नाही. मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने वहीत ते लिहून घेतलं. त्याने तारीख पुन्हा विचारली आणि त्यांनी ती सावकाश सांगितली.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. ज्या सभागृहाने तारीख दिली नाही ते अजूनही देत नाही. लेखकाच्या वडिलांनी अजून एकही प्रयोग पाहिलेला नाही. कन्नडमध्ये प्रयोग करायची लेखकाची इच्छा आहे, त्यात मराठी आणि कन्नड पात्रांची अदलाबदल करावी का यावर आमचा वाद चालू आहे. माझं म्हणणं करावी. आई बैलहोंगलकडची असू दे आणि 'अव्वा'च्या जागी 'आई' निसटू दे.

गेल्या आठवड्यात जुना नट तालमीला येऊन बसला. लग्न झालंय त्याचं, दुसरीकडे. बायकोला घेऊन आला होता. ती कोपऱ्यात बसून सगळी तालीम बघत होती. निघताना तिने मला विचारलं, उशांना तेल कुठलं लावता? मी म्हटलं, खोबरेल. ती म्हणाली, "डाग फारच पिवळा दिसतोय टीचर. एरंडेल थोडं मिसळा, जुना वाटेल." आता निपाणीच्या प्रयोगासाठी दोन्ही अभ्रे तिच्याकडे दिले आहेत.